येडगावच्या त्या माणसाला वाचा आली

देवावर रुसले होते हे कबूल करायला मला अवघड वाटत नाही. अवघड आहे ते पुढचं. मला एका बाईचा हेवा वाटत होता, इतका की हात जोडून डोळे मिटले तरी देवाऐवजी तीच समोर यायची.

माझ्या मालकांना लकवा झाला तेव्हा दवाखान्यात शेजारच्या खाटेवर येडगावचे एक गृहस्थ होते. त्यांचीही उजवी बाजू गेलेली, वाचा बंद. त्यांची बायको आणि मी एका डब्यात जेवलो, ओझरच्या विघ्नहराला एकच नवस बोललो, की यांना बोलतं कर, जोडीनं पाया पडायला येऊ. चार महिन्यांत तिचा नवरा बोलू लागला. तिनं फोन करून सांगितलं तेव्हा "बरं झालं बाई" एवढंच म्हणाले. पुढे तिचे फोन मी उचललेच नाहीत.

दीड वर्ष दर संकष्टीला आमच्या निरगुडसरहून ओझरला जात राहिले. आमच्या मालकांमध्ये फरक नव्हता. त्यांना भरवायचे, कुशीवर वळवायचे, पण माझं त्यांच्याशी बोलणं हळूहळू थांबलंच. उत्तर येत नाही तर बोलायचं तरी काय?

एका संकष्टीला ती दोघं देवळात दिसली. तो आता काठी टेकत चालत होता, म्हणून नवस फेडायला आली होती. मोठ्यानं 'मोरया' म्हणत होता. हिनं असं काय वेगळं मागितलं होतं? मी पदर पुढे ओढून रांगेतून निघाले आणि नदीकडच्या पायऱ्यांवर जाऊन बसले. याची वाचा परत जावी, असं मनात आलं. आणि मीच घाबरले.

तेवढ्यात मागे काठी वाजली. बायकोला रांगेत ठेवून तो एकटाच माझ्यामागे आला होता. शेजारी टेकायला त्याला वेळ लागला.

"ताई, भाऊ कसं हायेत?"

"तसंच. बोलत न्हाईत."

"आन् तुमी? तुमी बोलता का त्यांच्यासंगं?"

मी नदीकडे तोंड फिरवलं.

"मला समदं कळत व्हतं, ताई," तो अडखळत म्हणाला. "फकस्त त्वांड उघडत नव्हतं. येणारा-जाणारा हिच्याशीच बोलायचा. ही मातर माज्याजवळ बसून सांगायची, म्हशीनं लाथ मारली, टमाट्यावर करपा आला... लई बरं वाटायचं."

पुन्हा रांगेत लागून गाभाऱ्यासमोर गेले तेव्हा त्या दिवशी काही मागताच आलं नाही.

दुपारी घरी येऊन खाटेशी बसले. काय बोलावं सुचेना, म्हणून खरं तेच सांगितलं. "येडगावचे भेटले. ते बोलाय लागलेत. मी इतकी जळले, म्हटलं जाऊ दे त्यांची वाचा परत." मालक माझ्याकडे बघत राहिले. मग अर्ध्या ओठानं, खांदा गदगदा हलवत हसले. दीड वर्षात ते हसलेले मी पाहिले नव्हते. कदाचित मीच त्यांच्याकडे नीट बघितलं नव्हतं.

ते अजूनही बोलत नाहीत. नवस तसाच आहे, तो कधी फेडायचा ते विघ्नहरावर सोपवलंय. रोज त्यांच्याजवळ बसून दिवसभराचं सांगते, तसंच देवालाही सांगते. जो उत्तर देत नाही तो ऐकतही नाही, असं मी धरून बसले होते. माझी चूक देवानं दाखवली, तीही मी ज्याचं वाईट चिंतलं त्याच्याच तोंडून. एवढी माया मी कुठे मागितली होती?