दोन सीलच्या मधलं पाणी

चिंगोलाच्या तांब्याच्या कारखान्यात मी पंप चालवायचो. फिरत्या दांड्याभोवतीचं गळती अडवणारं सील फुटून आम्ल उडालं आणि माझ्या आधीच्या माणसाचा डोळा गेला. त्याच पंपावर मला लावलं होतं.

नवं सील बसवायचं काम आमच्या जुन्या फिटरचं, बा कापेम्ब्वांचं होतं; वडीलधाऱ्या माणसाला आम्ही मानाने 'बा' म्हणतो. साहेब घाईत होते.

"एकच बसवा हो. दोन कशाला, लग्न लावताय का?"

"पंपाशी हा सिआमे उभा राहणार, साहेब," बा माझ्याकडे बोट दाखवत म्हणाले. " दोन सील आणि मध्ये स्वच्छ पाणी, आम्लापेक्षा जास्त दाबाचं. आतलं सील फुटलं तर पाणी आत जाईल, पण आम्ल बाहेर येणार नाही."

"आणि तुमचं गणित चुकलं तर?"

पाण्याची नळी जोडून झाल्यावर बांनी मला मागे सारलं आणि स्वतः सीलसमोर उभे राहिले.

मी बटण दाबलं. पंप थरथरला, आत काहीतरी तडकलं आणि पाण्याच्या दाबाचा काटा खाली येऊ लागला.

"बा, बाजूला व्हा!"

"माझ्याकडे नको, काट्याकडे बघ. आम्लाच्या वर आहे?"

"आहे, जेमतेम."

"मग बंद कर. सावकाश."

पंप थांबल्यावर त्यांनी सीलखाली फडकं फिरवलं. ते कोरडं होतं.

"आतलं सील खराब निघालं," बा म्हणाले. "दुसरं द्या, साहेब. या वेळी समोर तुम्ही उभे राहा."

आता मला वाचायला चष्मा लागतो, पण तो दोन्ही डोळ्यांना.