मगरीचं कूळ

तुमचं देवक कोणतं, हे चटकन सांगता येईल तुम्हाला?

परवा एका कचेरीत माझा वर्गमित्र, बोट्स्वानाचा काबो, रांगेत माझ्यापुढे होता. त्याच्या पासपोर्टवर छापलेल्या राजचिन्हातली ढाल पाहून कारकून म्हणाला, "ही इंग्रजांनीच दिली असणार!"

"ढाल देशाची, साहेब. माझ्या कुळाची मगर. तिला आम्ही मारत नाही. नव्या माणसाचं कूळ विचारताना आम्ही म्हणतो, तुझी माणसं कुणाच्या नावाने नाचतात?"

"मग दाखव की नाचून!"

रांग हसली. काबो खाली बघत राहिला.

आमचं देवक कळंब. त्या झाडाला आम्ही कुऱ्हाड लावत नाही. एवढंच सांगायचं होतं, पण मी बधिर उभा होतो. रागसुद्धा आला नाही.

तुम्ही गप्प राहू नका. काबोसारखा कुणी भेटला, तर आधी आपलं देवक सांगा, मग त्याचं कूळ विचारा.