पपईच्या देठाची नळी
सून परसात पपईची पानं छाटते, तेव्हा तुटल्या देठांच्या चिकाचा कडवट वास येतो आणि मला मोताळ्याच्या नदीवरचा डोह दिसतो. माझा थोरला भाऊ नागपूरला कॉलेजात प्राणिशास्त्र शिकायचा. समुद्राच्या तळाशी प्रवाळात उतरलेल्या पाणबुड्याचं चित्र त्याने पुस्तकात पाहिलं होतं. आमच्या घरात समुद्र कुणीच पाहिला नव्हता, म्हणून दिवाळीच्या सुटीत तो डोहातच उतरला. पपईचे पोकळ देठ मेणाने जोडून त्याने श्वासासाठी लांब नळी केली, तिचं वरचं टोक पोहायच्या सुक्या भोपळ्याला बांधलं आणि कमरेला दगड बांधला. "मले कपारीतले झिंगे पाहाचे हायेत," काठावर बसलेल्या मला तो म्हणाला, "भोपळा तरंगून राह्यला तोवर घाबरू नोको." पाणी हिरवं, थंडगार होतं. तो खाली गेल्यावर थोडे बुडबुडे आले आणि थांबले. तेवढ्यात आई धुणं घेऊन आली. "तुहा भाऊ कुठी हाय वं?" "खाली हाय आई, थो भोपळा तरंगून राह्यला ना." आईने भोपळ्याकडे पाहिलं, पदर खोचला आणि सगळं धुणं धुतलं, त्याचा सदरासुद्धा पिळून दगडावर वाळत घातला. तेवढ्या खोलात पाणी छाती दाबून धरतं, नळीतून श्वास ओढता येत नाही, हे मला फार उशिरा नातवाच्या पुस्तकातून कळलं. सुनेला मी एवढंच म्हणते, ते देठ लांब टाक. भावाला खाटेवर घालून घरी नेलं, तेव्हाही भोपळा डोहात तरंगतच होता.