धायरीचा मुटका

लेखी चौऱ्याण्णव, व्याकरण शहाण्णव, तोंडी अडतीस. फेब्रुवारीत स्पॅनिशच्या परीक्षेचा निकाल लागला, तेव्हा नारायण पेठेतल्या क्लासच्या रुपाली मॅडमनी चष्मा कपाळावर ढकलून तो कागद दोनदा वाचला.

"सृष्टी, तोंडीला तू स्वतः गेली होतीस ना? की खुर्चीवर पुस्तक ठेवून आलीस?"

सृष्टी पोकळे काही बोलली नाही. अडचण तीच होती.

परीक्षकाने विचारलेला प्रश्न अगदी साधा होता: रविवारी काय केलंस? सृष्टीने मनात वाक्य जुळवलं, क्रियापद तपासलं, काळ तपासला, लिंग तपासलं आणि तोंड उघडलं. तोवर चाळीस सेकंद गेले होते आणि परीक्षक पुढच्या प्रश्नावर पोहोचला होता. मग पुढच्या प्रश्नासाठी तिने पुन्हा पहिल्यापासून तेच सगळं केलं.

ही सवय स्पॅनिशच्या आधीची होती. धायरीची ही मुलगी पाचवीत शहरातल्या शाळेत आली. पहिल्याच आठवड्यात बाईंनी पुस्तक मागितलं, तर ती उभी राहून म्हणाली, "घरी राहिलं हाय." वर्ग हसला. बाईही हसल्या, मायेनेच हसल्या, पण हसल्या. त्यानंतर सृष्टी वाक्य घासूनपुसून घेतल्याशिवाय बाहेर काढेना. शिवाय घरात वडिलांचं एक वाक्य सतत कानांवर पडायचं. संभाजी पोकळे मार्केट यार्डात कांदा-बटाटा विभागात तोलणार आहेत. गोणी काट्यावर चढली की आकडा पुकारायचं काम त्यांचं. "काटा थांबल्याबिगर आकडा बोलायचा न्हाई," हे ते नव्या तोलणारांना सांगायचे. मुलीने ते बोलण्यालाही लावून घेतलं होतं.

मार्चमध्ये एक गोष्ट मात्र चांगली झाली. दक्षिण स्पेनमधल्या मालागा शहरातल्या एका भाषाशाळेने लेखी गुणांवर तिला आठ आठवड्यांची शिष्यवृत्ती दिली. मे आणि जून. शेवटी पुन्हा तोंडी परीक्षा.

रुपाली मॅडमनी तिथल्या तिथे सौदा मांडला. "जुलैपासून सकाळची नवशिक्यांची बॅच तुझी. पण तोंडीत साठ आण. साठच्या खाली मी फळा देणार नाही. मुक्या मास्तरणीकडून बोलायला कोण शिकणार?"

सृष्टीला ती बॅच हवी होती. इतकी हवी होती की कुठल्या भिंतीला पाठ करून उभं राहायचं, हेही तिने ठरवून ठेवलं होतं.

*

मालागात पोहोचल्यावर पहिल्याच दुपारी तिने पुण्याला संदेश पाठवला: "मॅडम, इथे दोन ते पाच दुकानं बंद असतात." उत्तर लगेच आलं: "म्हणजे तीन तास. सुसंस्कृत लोक आहेत."

शाळा नऊ ते एक. नंतरचा दिवस मोकळा. आणि तो दिवस संपतच नव्हता, कारण रात्री साडेनऊपर्यंत उजेड. जिच्या घरात तिची राहायची सोय केली होती, ती पिलार नावाची सत्तरीची बाई तीन वाजता जेवायची, चार वाजता घडीची खुर्ची काखेत मारायची आणि समुद्रावर जायची. सोबत नऊ वर्षांची नात, मार्तिना. तिसरी सृष्टी. घरापासून वाळू चार मिनिटांवर होती. छोटा कोयरीसारखा वळलेला किनारा, एका टोकाला जुना सिमेंटचा धक्का, दुसऱ्या टोकाला वाळू भरलेली एक होडी. त्या होडीत विस्तव पेटवून वेताच्या काडीला टोचलेले तारली मासे भाजायचे. वास असा सुटायचा की पोटभर जेवलेला माणूसही वळून बघावा.

पहिले दोन आठवडे सृष्टीने या सगळ्याकडे पाठ करून व्याकरणाची वही सोडवली. टॉवेल अंथरायचा, लक्ष्मी रोडवरून घेतलेला गुडघ्यापर्यंतचा पोहण्याचा पोशाख घालायचा, वर शर्ट चढवायचा आणि वही उघडायची. आजूबाजूला माणसं नुसती पडलेली असायची. तासन्‌तास. कोणी वाचतही नव्हतं. इतकं बिनघोर पडून राहिलेलं माणूस तिने पुण्यात फक्त आजारपणात पाहिलं होतं.

"पाण्यात नाही जात?" पिलार रोज विचारायची.

"उद्या." हा एक शब्द सृष्टी न तपासता बोलायची.

पाण्याची भीती नव्हती. पोहणं तिला चालण्याबरोबरच आलं होतं. भीती एवढीच होती, की पाण्यात शिरलं की माणसं बोलायला लागतात.

साडेचार वाजता, म्हणजे पुण्यात रात्री आठला, वडिलांचा व्हिडिओ कॉल यायचा. पहाटे तीनला उठणारा माणूस. त्याला त्यापुढे जागणं जमत नसे.

"आज बी वाळूतच? शाळा हाय का न्हाई?"

"झाली शाळा, पप्पा. सुटली एक वाजता."

"एक वाजता सुटतीया ती कसली शाळा? यार्डात मी सांगतोय पोरगी शिकाया गेली. तो बापूराव हमाल काल फोटो बघून काय म्हणतोय, संभाजी, पोरगी गोव्याला गेलीया आणि तुला स्पेन सांगितलंय."

सृष्टी हसली. बाजूला मार्तिना फोनमध्ये डोकावून हात हलवत होती. संभाजींनीही हलवला. "आणि पाण्यात का न्हाई जात? विहिरीतनं तर भाईर निघत नव्हतीस."

*

तिसऱ्या आठवड्यातला मंगळवार. धक्क्यावर सात-आठ मुलगे उड्या मारत होते. पैज एकच: कोणाचं पाणी जास्त उडतं. धक्क्याच्या अलीकडे पिलार आणि तिच्या तीन मैत्रिणी पत्ते खेळत बसल्या होत्या. त्यांच्यापर्यंत शिंतोडे पोहोचले तर उडी खरी, असा मुलांचा नियम. एकाचेही पोहोचत नव्हते.

सृष्टी वहीवरून बघत होती आणि तिचा जीव खालीवर होत होता. काय ते मारत होते! पाय सुटलेले, अंग पुढे झुकलेलं, पाणी नुसतं बाजूला सांडत होतं. त्यात मार्तिना धावत गेली आणि पिशवीतून बटाटा पडावा तशी पडली. मुलगे हसले. मार्तिना वर आली ती ओठ दाबून.

धायरीत पोकळ्यांच्या विहिरीवर अशी उडी कोणी मारली असती, तर त्याला उन्हाळाभर काठावर बसवला असता. सृष्टी पाच वर्षांची असताना संभाजींनी तिच्या पाठीला हवाबंद पत्र्याचा डबा बांधून तिला त्या विहिरीत सोडलं होतं. सातव्या वर्षी डबा सुटला आणि आठव्या वर्षी ती मुटका शिकली. मुटका म्हणजे गुडघे पोटाशी घेऊन मारलेली बसकी उडी. ती सोपी दिसते. पण अंग किती मागे टाकायचं आणि पाण्याखाली गेल्यावर नेमकं कधी उलगडायचं, याला अक्कल लागते. चुकलं तर पाठ लाल होते. जमलं तर पाण्याचा खांब विहिरीच्या काठावर येतो आणि वर बसलेल्या म्हाताऱ्यांचे फेटे भिजवतो. भिजलेला फेटा हीच पावती.

तिने वही मिटली. शर्ट काढला. धक्क्यावर जाऊन मुलग्यांच्या रांगेत मध्येच घुसली, आठ पावलं धावली आणि स्वतःला हवेत फेकलं.

गार! दुसरी जाणीव झाली ती समुद्र वर ढकलतोय याची. विहीर माणसाला आत ओढते; हे पाणी तिला तळाला जाऊ देईना. ती बाहेर आली ती डोळ्यांत मीठ घेऊन, आणि पहिल्यांदा तिला काहीच ऐकू आलं नाही. मग दिसलं. पत्त्यांचं टेबल ओलंचिंब. चार बायका हातात पत्ते धरून, केसांतून पाणी गळत, बघतायत. पिलारने आपल्या हातातला ओला राजा उचलला, झटकला आणि टेबलावर आपटला. "हा डाव माझा!"

धक्क्यावर आरडाओरडा झाला. मुलगे एकदम बोलत होते. मार्तिना सगळ्यांच्या पुढे, धक्क्याच्या काठावर पोट टेकून, तोंड खाली. "कसं केलंस? कसं? मला शिकव! आत्ता!"

सृष्टीने मनात वाक्य जुळवायला घेतलं. वेळच मिळाला नाही. मार्तिना धावलीसुद्धा, आणि तीही पुन्हा पुढे झुकून; आता पोटावर आपटणार होती.

"नाही! मागे!" सृष्टी पाण्यातून ओरडली. "मागे झुकणे! पाय धरणे!"

"'झुकणे' नाही, 'झुक'," मार्तिना जागच्या जागी थबकून म्हणाली. माशी हाकलावी तसं म्हणाली. "हं, पुढे?"

"पाय पोटाजवळ. पाणी मारेल... पाठ... पाणी पाठीला मारेल तेव्हा उघडणे!"

"'उघड'. हं, पुढे?"

पुढे म्हणजे पुढचे दोन तास. सृष्टी चुकत होती, ओरडत होती, हातांनी दाखवत होती, पुन्हा चुकत होती. मार्तिना प्रत्येक चूक दुरुस्त करत होती आणि एकदाही हसत नव्हती. तिला चुकीत रस नव्हता, तिला मुटका हवा होता. मुलगे शेजारी रांग लावून उभे होते आणि तेही दुरुस्त करत होते, एकमेकांच्या वरताण. "'पाण्याच्या खाली', असं म्हण!" "बरं, पाण्याच्या खाली! पण तू डोळे मिट आधी!" साडेसहाला मार्तिनाचा मुटका जमला. सर्वांत मोठ्या मुलग्यापेक्षा हातभर उंच पाणी उडालं. सृष्टी आनंदाने जी ओरडली ती शुद्ध धायरीच्या बोलीत: "आयला! झ्याक हाय की!"

"ह्याचा अर्थ काय?" मार्तिनाने विचारलं.

अर्थ सांगायला पंधरा मिनिटं लागली. वेळ कुठे गेला, कोणाला कळलं नाही.

फोनवर तीन मिस्ड कॉल होते. दुसऱ्या दिवशी सृष्टीने वडिलांना सगळं सांगितलं. मग त्यांनी एकच विचारलं, "फेटे भिजले का?"

"पत्ते भिजले, पप्पा."

"मग झालं."

*

त्यानंतरच्या दुपारी कशा गेल्या, त्याची यादी करण्यात अर्थ नाही. बऱ्याचशा दुपारी काहीच घडलं नाही. कलिंगड खायचं. वाळूवर पालथं पडायचं. पिलारच्या मैत्रिणींनी तिला पत्त्यांचा डाव शिकवला आणि ती सारखी हरली. होडीवाल्याने वाद घातला की मासा फक्त मिठाने भाजावा. सृष्टी म्हणाली, थोडं तिखट लावून बघा. त्याने तिला हाकलून दिलं आणि तिसऱ्या दिवशी विचारलं, कोणतं तिखट. व्याकरणाची वही टॉवेल उडू नये म्हणून कोपऱ्यावर ठेवली जात होती. किनाऱ्यावरची पोरं उडीला 'मुत्का' म्हणू लागली होती. 'ट' त्यांना जमत नव्हता. सृष्टी म्हणायची, "मुटका. हं, पुढे?"

पण साठ गुण डोक्यातून गेले नव्हते. जूनच्या शेवटच्या आठवड्यात ती तोंडी परीक्षेला बसली. समोर दोन परीक्षक, एक बोलणारी, एक चुका टिपणारा; इथे व्याकरणाचे गुणही बोलण्यावरूनच मिळायचे. तिने पर्यटन, प्रदूषण आणि घरून काम हे तीन विषय तयार ठेवले होते. चिठ्ठी निघाली: शेजार.

पहिलं वाक्य बरं गेलं. दुसऱ्यात चूक झाली. तिला ती बोलताना दिसली, आणि टिपणाऱ्याची पेन्सिल हललेलीही दिसली. फेब्रुवारीतली सृष्टी तिथेच थांबून मागे गेली असती. आताच्या सृष्टीला मार्तिनाचा आवाज आठवला. हं, पुढे?

ती पुढे गेली. धायरीच्या विहिरीचं सांगितलं. विहिरीभोवती चार इमारती आल्या, मग सोसायटीने तिच्यावर लोखंडी जाळी बसवली, मग त्याच सोसायटीने पोहण्याचा तलाव बांधला आणि विहिरीत पोहलेल्या माणसांना तिथे टोपी घालायची सक्ती केली. वडिलांना ती टोपी कशी दिसते, हे सांगितलं. बोलणारी परीक्षक हसली. पेन्सिल तीनदा हलली, सातदा हलली, मग सृष्टीने मोजणं सोडलं. दहा मिनिटं ठरली होती. चौदाव्या मिनिटाला परीक्षकाने हात वर केला. "बस, बस. बाहेर पुढचा उमेदवार उभा आहे."

*

जुलैचा पहिला शनिवार, नारायण पेठ. जिना चढून सृष्टी वर आली, तेव्हा तिचं नाक सोललेलं होतं आणि रंग दोन छटा गडद झाला होता. रुपाली मॅडमनी आधी तिच्याकडे बघितलं, मग चष्मा वर ढकलून कागदाकडे.

"तोंडी एकाहत्तर." त्यांनी बोट खाली सरकवलं. "व्याकरण ब्याऐंशी? शहाण्णव होते ना तुझे?"

"हो, मॅडम. फार बोलले, त्यात चुका झाल्या."

"चौदा गुण घालवलेस."

"हो."

मॅडमनी कागद घडी करून परत दिला आणि ड्रॉवरमधून बॅचची हजेरी काढून तिच्या हातात ठेवली. एकवीस नावं होती.

"चला, आता तू शिकवू शकशील," त्या म्हणाल्या. "सोमवारी सकाळी सात. सात म्हणजे सात. मालागा तिकडे राहिलं."

"झ्याक हाय की," सृष्टी म्हणाली. आधी तपासलं नव्हतं.

मॅडमचा चष्मा कपाळावरून घसरून आपोआप नाकावर आला. "हे सोमवारी शिकवणार नाहीस ना?"