सिस्टर, शॉक बसला!

परळच्या आमच्या हॉस्पिटलात छातीत बसवलेली शॉकची मशिनं तपासायची एक खोली आहे. हृदयाचे ठोके भलतेच सुटले की हे मशीन आतून शॉक देतं आणि माणूस वाचतो. वाचलेला माणूस आमच्याकडे आला की आधी छाती दाखवत नाही, काय झालं ते सांगतो. इतकी वर्षं मी ते ऐकतेय. किती किस्से साठले असतील सांगा!

*

नायगावच्या बीडीडी चाळीतले कांबळेकाका. गिरणीत वायरमन होते, संपानंतर घरोघरी वायरिंग करायचे. पंख्याच्या बटणावर हात आणि तेवढ्यात शॉक! काका भडकले. "अर्थिंग गेलंय!" म्हणत त्यांनी मेन बंद केला आणि घाम पुसत खाटेवर टेकले. बसल्याजागी दुसरा!

एक शॉक बसला आणि बरं वाटलं तर फोन करा, लागोपाठ बसले तर थेट या, हे आम्ही सगळ्यांना बजावतो. मुलाने टॅक्सीत घालून आणलं तेव्हा काका पांढरेफटक पडले होते. ठोके खरंच बिघडले होते. औषध चढलं, ठोके ताळ्यावर आले, तसे काका पुटपुटले, "डॉक्टर, मेन तर मी बंद केला होता. करंट आला कुठनं?"

आमच्या डॉक्टर मॅडमनी त्यांच्या छातीवर बोट ठेवलं. "हा मेन आमच्याकडे असतो, काका!"

*

हिराबाई दादरला मासळी विकायच्या. पापलेटचा भाव चालू होता, गिऱ्हाईक बाईने त्यांचा हात धरलेला, आणि हिराबाईंना शॉक बसला. त्या बाईला जरा झिणझिण्या आल्या असतील, पण ती किंचाळत सुटली.

"शॉक बसला मना, न पलाली ती!" हिराबाई हसत सांगत होत्या. पण डोळे भरलेले. 'म्हातारी करंट मारते' असं बाजारभर झालं होतं. पाटीजवळ कोणी फिरकेना.

दुसऱ्या दिवशी मी युनिफॉर्मवरच बाजारात गेले. सगळ्यांसमोर त्यांचा हात हातात घेतला आणि चांगली घासाघीस केली. सोडलाच नाही हात.

शेवटी हिराबाईच ओरडल्या, "हात सोर गो बाय, सुट्टे कशी देऊ?"

*

गिरगावच्या सरांना आंघोळ करताना शॉक बसला. त्यानंतर ते मोरीत पाय ठेवीनात. नुसतं ओल्या टॉवेलाने अंग पुसायचे. मुलगी रडकुंडीला आली.

मॅडमनी सुचवलं, "स्टुलावर बसून आंघोळ करा, कडी लावू नका आणि गात राहा. आवाज थांबला की मुलगी आत येईल."

महिन्याने मुलगी एकटीच आली. मी घाबरून विचारलं, "सर कसे आहेत?"

"बाबा मजेत! शेजारी विचारतायत, यांना दार लावायची परवानगी कधी मिळणार?"

*

लालबागचे परब. मसाला कुटायची गिरणी चालवायचे. "काल झोपेत जोरात बसला," म्हणाले. मशीन तपासलं. शॉकची नोंदच नाही.

"म्हणजे मी खोटं बोलतोय?" परब उसळले.

मॅडम म्हणाल्या, "नाही. पहिल्या शॉकचा धसका आहे हा. तो खराच असतो, मशीनला दिसत नाही एवढंच."

एवढा धिप्पाड माणूस, तोंड झाकून रडायला लागला. "मग तो काढायला कुठे जायचं?"

"इथेच," मी म्हटलं. "बसा. चहा सांगते."

*

आणि सावंत. संपात मोर्च्यांच्या पुढे घोषणा देणारा माणूस. त्यांना पहिला शॉक बसला तेव्हापासून बायकोने त्यांना हात लावला नव्हता. चहासुद्धा लांबून सरकवायची.

एकदा आमच्या दारातच ते कोसळले. शॉक! उठवतोय तोवर दुसरा! आतली वायर तुटली होती. ठोके चांगले चाललेले, पण मशीनला ते बिघडलेले वाटत होते. माणूस पूर्ण शुद्धीत, आणि तिसऱ्याची वाट बघतोय!

मी धावत जाऊन मॅग्नेट छातीवर दाबलं. ते तिथे असेपर्यंत मशीन शॉक देत नाही. घामाने चिकटपट्टी टिकेना, म्हणून हातानेच धरून ठेवलं. स्ट्रेचर ऑपरेशनला निघालं तोवर दाबून दाबून माझा हात भरून आला.

"सिस्टर, सोडू नका हां," सावंत म्हणाले.

तेवढ्यात सावंतकाकू मध्ये घुसल्या. "तुमी बाजूक व्हा. घोव माजो आसा. मी धरतंय."

मी मॅडमकडे बघितलं. त्यांनी मान डोलावली. काकूंचा तळवा मी मॅग्नेटवर नीट दाबून दिला.

लिफ्टमध्ये सावंतांनी डोळे उघडले. छातीवरचा हात बघून दचकलेच. "गे, तुका करंट लागात!"

काकूंनी आणखी घट्ट दाबलं.

"लागांदे!"