दमयंतीच्या तीन पानवेली

सकाळी विहिरीवर गेली की दमयंती पहिल्या पोहऱ्यातलं पाणी आधी जिभेवर घ्यायची. मग तोंड वाकडं करायची, किंवा करायची नाही. त्या दिवशी पाणी गोड आहे की मचूळ, हे मला एवढ्यावरून पडवीत बसल्या बसल्या कळायचं. १९२८-२९ची गोष्ट. मी रत्नागिरीत शाळामास्तर होतो आणि भाट्याच्या खाडीजवळ आत्माराम शिवलकरांच्या पडवीतली खोली घेऊन राहत होतो. दमयंती ही त्यांची सून.

अंगाने लहानशी, बोलण्यात पुढे, हसताना पदर तोंडावर धरणारी. नवरा लवू मुंबईला गोदीत कामाला होता, वर्षातून एकदा घरी येई. मूलबाळ नव्हतं. त्या घरात तिचं सख्य होतं ते सासऱ्याशी. परसातल्या पोफळींवर आत्मारामांनी पानवेली चढवल्या होत्या आणि त्यांची खायची पानं बाजारात जात. वेलींना पाणी ते स्वतःच घालत. दमयंतीला मात्र जवळ उभं राहू देत. घागर बुंध्याशी वाकवून पाणी आळ्यात हळू सोडायचं, वर पालापाचोळा पसरायचा. एखादा थेंब पानावर उडालाच तर ते पंच्याच्या टोकाने टिपून घेत.

"आपल्या विहिरीत खाडी झिरपते," ते तिला सांगत. "शिमग्यानंतर पाणी मचूळ होतं. मूळ सोसतं गो, पान नाय सोसत."

सगुणाबाई, म्हणजे दमयंतीची सासू, संगमेश्वराकडच्या. त्यांच्या माहेरी नदीचं पाणी, आणि बाग शिंपायची रीतच वेगळी. पाटात उभं राहायचं आणि पोफळीच्या झावळीच्या रुंद देठाने, म्हणजे विरीने, पाणी उंच उडवायचं. झाड वरपासून खालपर्यंत न्हालं पाहिजे. नवऱ्याचं ते पानं टिपणं बघून त्या म्हणायच्या, "पानाला पाणी नको म्हणे! पानाला काय पडसं होतंय?"

भाद्रपदात आत्माराम गेले. दिवाळी झाल्यावर सगुणाबाईंनी पदर खोचला आणि विरी हातात घेतली.

"मामंजी बुंध्याशी घालायचे," दमयंती म्हणाली.

"म्हाताऱ्याचा हात वर जात नव्हता म्हणून."

आणि खरं सांगायचं तर त्या थंडीत वेली फार सुंदर झाल्या. पाणी तेव्हा गोड होतं. धूळ धुऊन जाई आणि पानं अशी तुकतुकीत दिसत की बाजारातला पानवाला सदू टोपली खाली ठेवून बघत राही. सगुणाबाई आल्यागेल्याला परसात नेऊन वेली दाखवायच्या. माणूस आपल्या हातच्या कामावर खूश असतं तेव्हा किती गोड दिसतं! त्याही दिसत.

शिमगा झाला. एका सकाळी दमयंतीने पोहऱ्यातलं पाणी चाखलं आणि थुंकून टाकलं.

"आत्याबाई, आजपासून पानांवर नको. पाणी फिरलं."

"तुझ्या जिभेला सगळंच खारट लागतं."

उन्हं वाढली तसं सगुणाबाई पाणीही जास्त उडवू लागल्या. पानांच्या कडा काळ्या पडल्या, मग पानं गुंडाळली, मग गळली. चैत्र सरता सरता पोफळींवर नुसत्या काड्या राहिल्या.

आमच्याकडे पानवेलीचं सोवळं फार. बाजूला बसलेल्या बाईची सावलीसुद्धा वेलीवर पडू द्यायची नाही. पडली तर वेल करपते, असं सगळेच मानत. सगुणाबाईंना कारण शोधायला लांब जावं लागलं नाही.

"विटाळात शिरलीस ना वेलींत?"

"नाय गेले. पाणी खारट हाय. तुम्ही चाखून बघा."

"तुझ्या हातचं? मी?"

पाण्याबद्दल आत्माराम काय म्हणत, ते मी सगुणाबाईंना सांगायला गेलो. त्या शांतपणे म्हणाल्या, "गुरुजी, तुम्ही पोरांना बाराखडी शिकवा. बायकांच्या चार दिवसांत तुमचं काय काम?"

त्या दिवसापासून दमयंतीचं ताट गोठ्याच्या कडेला गेलं. चार दिवसांपुरतं नव्हे, कायमचं. सदू पानांना आला की सगुणाबाई तिला बाहेर बोलवायच्या.

"सांग ह्याला, पानं का नाहीत."

"माझ्यामुळे करपली."

"तुझ्या कशामुळे?"

परक्या पुरुषासमोर तो शब्द तिच्या तोंडून निघेपर्यंत त्या थांबायच्या. पहिल्यांदा सदू ओशाळला, टोपली उचलून निघून गेला. पुढे पुढे पानं नाहीत हे ठाऊक असूनही तो यायचा आणि अंगणातूनच ओरडायचा, "काय वहिनी, आज कशामुळे नाहीत?"

लवू वैशाखात येणार होता. आल्यावर सुनेला माहेरी पोचवायचं आणि दुसरी करायची, असं सगुणाबाई आता उघड बोलत. तेव्हा दमयंतीने शेजारणींच्या देखत एक मागणं मागितलं. पलीकडच्या कोपऱ्यातल्या तीन वेली तिला द्याव्यात. त्यांना ती एकटीच पाणी घालील. जगल्या तर तिला घरात ठेवावं.

"आणि मेल्या तर?"

"तर मी स्वतःच जाईन."

सगुणाबाई हसल्या. "घे. मेलेल्या तर आहेत."

दमयंतीने आळी नीट केली, पालापाचोळा पसरला, ऊन चढायच्या आत बुंध्याशी बेताने पाणी घातलं. सासऱ्यासारखंच, घागर वाकवून. लवू बोटीवरून उतरला तोवर तिन्ही वेलींना पेरापेरातून कोवळी, तांबूस पानं फुटली होती. तिने मला हाक मारून दाखवली. त्या दिवशी ती तोंडावर पदर न धरता हसली.

सगुणाबाईंनी एक कोवळं पान उलटून पाहिलं. मग लेकाला हाक मारली.

"बघ. माझ्या सगळ्या हिने खाल्ल्यान् आणि स्वतःच्या तेवढ्या राखल्यान्. विटाळ नाय हा लवू, ही करणी हाय."

लवू वाईट माणूस नव्हता. त्याने बायकोला विचारलं, "काय केलंस तू ह्यांना?"

"पाणी घातलं."

"मग आईने काय घातलं?"

ती वाकून आळ्यातला पाचोळा सारखा करू लागली. खरं उत्तर दिलं तर दोष आईवर येणार, हे त्यालाही समजलं असावं; तो खालच्या आवाजात म्हणाला, "विटाळात गेले होते, चुकले, असं म्हण. देवीला नारळ ठेवू. विषय संपेल."

दमयंतीने एकदा वेलींकडे बघितलं. मग सासूच्या पायांवर डोकं ठेवलं आणि म्हणाली, "गेले होते. चुकले."

"मग ह्या तीन कशा जगल्या?" सगुणाबाई म्हणाल्या. "हात तोच, विटाळ तोच. बोल की!"

लवूने मान खाली घातली आणि घरात जाऊन तिचं गाठोडं बांधायला घेतलं.

मुंबईला परत जाताना त्याने तिला बोटीतून बरोबर नेलं. तिचं माहेर दापोलीजवळच्या मुरुडला. हर्णै बंदरात बोट थांबली तेव्हा त्याने तिला गाठोड्यासकट किनाऱ्याकडे जाणाऱ्या पडावात उतरवलं. तो स्वतः उतरला नाही.

ती गेली त्याच संध्याकाळी सगुणाबाईंनी तिन्ही वेली उपटल्या. पावसाळ्यात नव्या लावल्या. पुढच्या वर्षी लवूचं दुसरं लग्न झालं. शिमगा उलटला तशी मी पडवीतून सगुणाबाईंना नव्या सुनेशी बोलताना ऐकलं, "बुंध्याशी घाल गो. पानावर थेंब पडता नये. ही आमच्या घरची रीत हाय."

काही वर्षांनी माझी बदली दापोलीकडे झाली तेव्हा मी मुरुडला दमयंतीच्या भावाकडे गेलो. ती भावजयीची भांडी घासत होती. हात पुसून तिने पाणी आणून दिलं. लवूचं विचारलं नाही, सासूचंही नाही.

"गुरुजी, माझ्या त्या तीन वेली," ती म्हणाली, "कापल्या की उपटल्या?"

"उपटल्या."

"कापल्या असत्या तर परत फुटल्या असत्या," ती म्हणाली. आतून भावजयीने हाक मारली, तशी ती उठून आत गेली.