टाकीवरची चंदेरी टेप

तळोज्यात डबे बसवण्यात माझा हात धरणारा कोणी नाय. त्याच हातानं मी एका मॅडमची नोकरी खाल्ली.

मॅडम आमच्या छोट्या कंपनीत प्रोग्राम लिहायच्या. साबणाच्या वडीएवढा डबा, आत सेन्सर. केमिकलची टाकी किती तापली ते मोजायचा अन् वायरशिवाय खाली ऑफिसात कळवायचा. मी चौथी नापास. माझं काम, डबा टाकीवर नेऊन बसवायचा.

काय बिघडलं की मॅडम चष्मा डोक्यावर ढकलायच्या. "थांबा, आधी माझी चूक शोधू." अशी बाई तुम्ही बघितली का? आमच्या घरात चूक शोधावी लागत नाय, मी समोरच बसलेला असतो.

शेठनी त्यांना सांगितलेलं, महिन्यात डबे चालले तर नोकरी पक्की. टेबलावर डबे पोपटासारखे बोलायचे. टाकीवर बसवले की गप्प.

बॅटरी वाचावी म्हणून डब्यानं मधेमधे झोपायचं, असं मॅडमनीच लिहिलेलं. "झोपतो, पण उठत नाही," त्या म्हणायच्या.

"माझा मेव्हणापण असाच हाय."

त्या हसायच्या, परत स्क्रीनमध्ये डोकं. ओळ न् ओळ तपासली. टाकीवर बायकांना चढू देत नव्हते, म्हणून गप्प पडलेला डबा मीच खाली आणून द्यायचो, फडक्यानं पुसून.

पुसून म्हणजे, टेप काढून. उन्हात तापू नये म्हणून मी वर डब्याला ॲल्युमिनियमची टेप गुंडाळायचो, चपात्या गुंडाळतात तशी. कोणी सांगितलं नव्हतं. आपलंच डोकं.

महिना भरला. शेठ सगळ्यांसमोर म्हणाले, "मॅडम, तुमच्याच्यानं होणार नाय. उद्यापासून येऊ नका."

"चूक माझीच असेल, सर. सापडली नाही," एवढंच बोलल्या.

नवीन साहेब पहिल्याच दिवशी टाकीवर चढले. "हे काय गुंडाळलंय? यातून सिग्नल बाहेर येईल कसा?"

माझी फाटली. म्हटलं, "मॅडमनी सांगितलेलं."

टेप काढली, डबा बोलायला लागला. शेठ म्हणाले, "कसली बाई ठेवलेली आपण!" सगळे हसले. सगळ्यांत मोठ्यानं मी.

परवा खारघरला मेट्रोच्या जिन्यापाशी मॅडम दिसल्या. प्रोग्राम लिहिणं सोडलं, शिकवण्या घेते म्हणाल्या. "मला जमत नव्हतं ते."

मग मी सगळं सांगितलं. माझ्या स्टाइलनं, चपात्यांसकट. शेवटी हसत म्हटलं, "अडाणी माणूस हो मी, मॅडम."

त्या हसल्या नाहीत.

"टेप अडाणीपणानं लावलीत. माझं नाव घेताना बरी अक्कल चालली. सरका, वाट अडवू नका."